न्यूक्लिओफाइल आणि आम्लारी एकच का नाहीत?

वर विचारलंय की दोघंही इलेक्ट्रॉनची जोडीच देतात, मग न्यूक्लिओफाइल आणि आम्लारी असा फरक का करायचा? जोडी कोणाला दिली ते पाहा. प्रोटॉनला दिली तर आम्लारी, कार्बनला दिली तर न्यूक्लिओफाइल. शिवाय आम्लारीचं बळ समतोलावरून (अभिक्रिया शेवटी किती पुढे जाते त्यावरून) ठरतं, न्यूक्लिओफाइलचं अभिक्रियेच्या वेगावरून. म्हणून आयोडाइड आम्लारी म्हणून अगदीच दुबळा, पण कार्बनवर झपाट्याने हल्ला करतो. टर्शरी ब्युटॉक्साइडचं नेमकं उलट: तीन मिथाइल गटांच्या गर्दीमुळे तो कार्बनपर्यंत पोचत नाही, प्रोटॉन मात्र सहज ओढतो, आणि हाती अल्कीन (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेलं संयुग) येतं.

क्लासमध्ये हमखास राहून जातो तो मुद्दा द्रावकाचा. मिथेनॉलमध्ये क्लोराइडभोवती हायड्रोजन बंधांचा घट्ट वेढा पडतो, म्हणून न्यूक्लिओफाइल म्हणून आयोडाइड पुढे. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) या द्रावकात हा वेढा नसतो आणि क्रम उलटतो! त्यामुळे द्रावक न सांगता विचारलेला क्रमाचा प्रश्न मला अर्धवटच वाटतो.

प्रयोगशाळेत जमलं तर सरांच्या देखरेखीखाली हे जरूर बघा: ॲसिटोनमधल्या सोडियम आयोडाइडच्या द्रावणात 1-ब्रोमोब्युटेनचे थेंब टाकले की थोड्याच वेळात सोडियम ब्रोमाइडचा पांढरा साका दिसतो. टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडने तो असा पटकन येत नाही, कारण तिथे आयोडाइडला मागून, म्हणजे ब्रोमीनच्या विरुद्ध बाजूने, शिरायला वाटच नसते.