हिकारू नो गो: साई असा न सांगता का गेला?

रातकिडा:
काल रात्री या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतला साई, म्हणजे हिकारू या मुलाला गो हा पटावरचा खेळ शिकवणारं भूत, गेला तो भाग पाहिला. हिकारू पटासमोर पेंगतोय, साई बोलतोय आणि वाक्य अर्ध्यावरच तुटतं. हजार वर्षं थांबलेल्या भुताला नीट निरोपही नाही? मला तर रागच आला. पुढे बघू का सोडू?

पांढरी_गोटी:
सोडू नकोस रे! तोया मेइजिन या अव्वल खेळाडूविरुद्धचा इंटरनेटवरचा डाव आठव. साई जिंकला, पण हरलेल्याची चुकलेली चाल हिकारूने दाखवली. साईच्या चेहऱ्याकडे बघ तेव्हा. आपण कशासाठी थांबलो होतो ते त्याला तिथेच कळलं. निरोप तिथूनच सुरू झाला होता, आपलं लक्ष नव्हतं इतकंच.

जुना_खेळाडू:
यातला शुसाकू हा जपानी गो खेळाडू खरंच होऊन गेला बरं का. १८२९ ते १८६२, किल्ल्यातल्या मानाच्या १९ डावांत एकदाही हरला नाही. पटकीच्या साथीत रुग्णांची सेवा करताना गेला, जेमतेम तेहतिशीत. त्याच्यामागे साई होता ही कल्पना मात्र कथेची. (मी गो शिकलो ते या मालिकेमुळेच. अजून वाईट खेळतो.)

रातकिडा:
बघितलं. इसुमी या मित्राबरोबरच्या डावात हिकारू एक चाल खेळतो आणि थबकतो, कारण ती साईची चाल असते. सगळीकडे शोधून दमलेलं पोरगं, आणि तो सापडतो स्वतःच्याच खेळात. राग मागे घेतो. पण झोपेत निरोप? ते अजून पटलं नाही.