चुंबकाने औषध थेट गाठीपर्यंत नेता येतं का?

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): आईच्या स्तनातल्या गाठीसाठी लाल केमो सुरू आहे. दोन डोसांतच केस गेले, तोंड सोलून निघालं. संत्र्याची फोडही झोंबते. बाबांनी बर्डीच्या बाजारातून चुंबकाचा पट्टा आणलाय. औषध तिथेच ओढलं जाईल का?

उत्तर: नाही ताई. त्या औषधात लोहच नाही, चुंबक ओढणार काय? संशोधक औषध लोह-ऑक्साइडच्या नॅनोकणांवर (अतिसूक्ष्म कणांवर) चढवतात, म्हणजे चुंबक ते ओढू शकतो. जर्मनीत १९९६ मध्ये १४ रुग्णांवर एपिरुबिसिन या लाल केमोच्या औषधाचा असा प्रयोग झाला होता. अडचण अंतराची: चुंबकापासून जरा दूर गेलं की ओढ झपाट्याने घटते.

प्रश्नकर्ती: पट्टा काढला. तोंडाचं काय करू?

दुसरं उत्तर: माझ्या आईला मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या चुळांनी आराम पडला. डॉक्टरांना मात्र उद्याच दाखवा.