सायक्लिक-डाय-जीएमपी: लशीत घालायचं, की नुसतंच द्यायचं?

पेशीद्रव:
सायक्लिक-डाय-जीएमपी हा जिवाणूंचा निरोप्या रेणू देऊन शरीराची जन्मजात प्रतिकारयंत्रणा आधीच जागी करून ठेवायची, ही कल्पना ऐकायला झकास आहे. माझं मत असं, की हा रेणू लशीत प्रतिजनाच्या (शरीराला ओळखायला द्यायच्या जंतूच्या तुकड्याच्या) जोडीला द्यावा, नुसता 'इम्युनिटी वाढवायला' देऊ नये.

१९८७ मध्ये मोशे बेन्झिमान यांच्या गटाने सेल्युलोज बनवणाऱ्या ॲसिटोबॅक्टरमध्ये तो शोधला. दोन जीएमपी (आरएनएचा एक घटक) जोडून झालेलं कडं, वस्तुमान सुमारे ६९० डाल्टन. त्याची पातळी चढली की बहुतेक जिवाणू पोहणं सोडून बायोफिल्म, म्हणजे चिकट थर, बांधायला घेतात. आपल्या पेशी तो बनवत नाहीत, म्हणून पेशीद्रवात तो सापडणं ही घरात चोर शिरल्याची खूण. त्याला थेट पकडतं ते स्टिंग हे प्रथिन, हे २०११ मध्ये सिद्ध झालं. पुढे टीबीके-१, मग आयआरएफ-३ ही प्रथिनं जागी होतात, आणि काही तासांत इंटरफेरॉन-बीटा हा धोक्याचा इशारा सुटतो. उंदरांना प्रतिजनासोबत नाकातून ५ मायक्रोग्रॅम दिलं तरी श्लेष्मल (नाक-फुप्फुसांच्या ओल्या अस्तरातला) प्रतिसाद चांगला येतो. प्रतिजनच नसेल तर मात्र मागे उरते ती सूज.

गोठ्याकडून:
असहमत. दरवेळी लशीसारखी जंतूची स्मृती हवीच कशाला? कासदाह, म्हणजे आपली दगडी, घ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू कासेच्या आत दडून बसतो. सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली तरी बरेचदा परततो, आणि औषधाचा अंश जाईपर्यंत दूध ओतून द्यावं लागतं ते वेगळंच. २००५ मध्ये उंदरांच्या स्तनग्रंथीत हाच रेणू सोडल्यावर ऑरियसची संख्या घटल्याचं प्रसिद्ध झालं. फुप्फुसातल्या क्लेबसिएला जिवाणूवरही उंदरांत फायदा दिसलाय. तिथे ना लस होती, ना प्रतिजन.

मोजपट्टी:
फायदा कशामुळे झाला तेही बघा ना. अशा ठिकाणी आधी धावतात त्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी. आणि गाईच्या दुधात न्यूट्रोफिल वाढले की सोमॅटिक सेल काउंट (दुधातल्या पेशींची संख्या) वाढलाच. मिलीलिटरला २ लाखांच्या वर गेला की सुप्त कासदाह धरतात. म्हणजे धडधाकट गाईला औषध देऊन कागदावर आजारी पाडायचं!

गोठ्याकडून:
दुभत्या गाईला देतंय कोण? आटवताना, म्हणजे विण्याआधी दूध बंद करताना, द्या. तेव्हा दूध डेअरीत जात नाही, आणि नवे संसर्ग जास्त होतात ते आटवल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत आणि विण्याच्या तोंडावर. नेमकी तीच वेळ गाठायची.

मोजपट्टी:
वेळेचं पटलं. पण मात्रा ठरवणार कशावरून? या रेणूवर दोन फॉस्फेट, दोन्ही ऋणभारित. पेशीचा पडदा तो सहज ओलांडत नाही. बशीतल्या प्रयोगांत डिजिटोनिन हे रसायन मिलीलिटरला ५ ते १० मायक्रोग्रॅम घालून, अर्धा तास पडद्याला भोकं पाडून आत ढकलतात. प्रमाण जरा चढलं की पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशींचा डीएनए स्वतःच सीजीएएस या डीएनए ओळखणाऱ्या प्रथिनामार्फत स्टिंग पेटवतो. म्हणजे श्रेय भलत्यालाच. जनावरात तर डिजिटोनिनचा प्रश्नच नाही. तिथे लायपोसोम (मेदाचे सूक्ष्म फुगे) लागणार, आणि मग मात्रेचं सगळं गणित नव्याने मांडावं लागणार.

दुसरा घोळ एलपीएसचा, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या एंडोटॉक्सिन या विषाचा. रेणू जिवाणूंच्या एन्झाइमने बनवला असेल तर कुपीत ते येऊ शकतं, आणि त्याला ओळखणाऱ्या टीएलआर-४ या ग्राहीमार्गेही इंटरफेरॉन-बीटा येतो. एंडोटॉक्सिन शोधणारी एलएएल चाचणी, स्टिंग काढून टाकलेल्या पेशी आणि कडं तुटून झालेला सरळ पीजीपीजी, हे तीन ताळे नसतील तर तो आलेख मी वाचतच नाही. तिसरं म्हणजे, प्रयोगशाळेत नेहमी वापरल्या जाणाऱ्या माणसाच्या टीएचपी-१ पेशींत स्टिंगचा एचएक्यू हा कमी प्रतिसाद देणारा जनुकीय प्रकार असतो. त्यांच्यात उत्तर मंद आलं म्हणून रेणू बाद ठरवू नका, आणि एवढ्या एका पेशीवंशावरून मात्राही काढू नका.

कडूनाक:
रेणूच बदला की. स्यूडोमोनास जिवाणूचा ३-ऑक्सो-सी१२-एचएसएल (पुढे नुसतं एचएसएल) हा निरोप्या रेणू पेशीच्या बाहेरूनच काम करतो. नाकातल्या लव असलेल्या पेशींवर टी२आर३८ हा कडू चवीचा ग्राही असतो. त्याला एचएसएल लागला की आत कॅल्शियम चढतं, नायट्रिक ऑक्साइड सुटतो, लव जोरात हलू लागते. पीटीसी या रसायनाच्या कागदाची कडू चव ज्यांना लागत नाही त्यांच्यात हे उत्तर क्षीण असतं. डिजिटोनिन नको, लायपोसोम नको.

मोजपट्टी:
आणि तोच रेणू जास्त झाला की मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींमधला एनएफ-कॅपा-बी हा प्रतिकाराचा खटका दाबून बंद करतो, पेशी मारतो. स्यूडोमोनास तो माणसाच्या भल्यासाठी सोडत नाही! शिवाय अल्कधर्मी द्रावणात त्याचं लॅक्टोन कडं उघडतं. पीएच ८ च्या बफरमध्ये करून ठेवलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी वापरलंत तर हाती बराचसा निकामी माल. डीएमएसओ या द्रावकात साठवा, ऐनवेळी पातळ करा.

पेशीद्रव:
कडूनाक, ग्राही खरा, पण औषध म्हणून एचएसएल मला नको. तिथे कडू चवीचा दुसरा निरुपद्रवी रेणू शोधणं बरं.

उंदरांवरून थेट माणसावर उडी मारणाऱ्यांसाठी डीएमएक्सएए हे कर्करोगाचं औषध आठवा. उंदरांत गाठी विरघळल्या, माणसांत फुप्फुसाच्या कर्करोगावर तिसऱ्या टप्प्यात पडलं. ते उंदराच्याच स्टिंगला चिकटतं, माणसाच्या नाही, हे नंतर उलगडलं. आपल्या पेशी स्वतः बनवतात तो २'३'-सीजीएएमपी हा रेणू माणसाच्या स्टिंगला सायक्लिक-डाय-जीएमपीपेक्षा कितीतरी घट्ट धरतो, पण पेशीबाहेर ईएनपीपी-१ हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. आणि स्टिंग सतत पेटतं राहिलं तर काय होतं ते सावी या जन्मजात आजारात दिसतं: तान्ह्या बाळांच्या रक्तवाहिन्यांना सूज, कातडीवर व्रण, फुप्फुसं खराब. म्हणून धडधाकट माणसाला रोज नाकात फवारा, याला माझा विरोध कायम.

आटवलेल्या गाईपुरतं माझं म्हणणं मागे घेतो. एक अट: आधी गाईच्याच मॅक्रोफेजवर २ तासांनी फॉस्फो-आयआरएफ-३ (आयआरएफ-३ चं जागं झालेलं रूप) आणि २४ तासांनी सीएक्ससीएल-१० (पेशींना बोलावणारं प्रथिन) मोजा. म्हशीसाठी तेच पुन्हा, म्हशीच्या पेशींवर.

गोठ्याकडून:
आणि एकाच गाईचे दोन सड औषधाचे, दोन नुसत्या लायपोसोमचे. विल्यानंतर चारही सडांचं दूध वेगवेगळं कल्चरला.