मदत हवी आहे : वणव्यानंतर उघड्या पडलेल्या उतारावरील माती कशी धरावी?

सातपुड्यातील आमच्या पावरा आदिवासींच्या पाड्याच्या सामूहिक वनहक्काच्या जंगलात यंदा वणवा लागला आणि गोमाई नदीला मिळणाऱ्या नाल्याचा वरचा उतार पूर्ण उघडा पडला. पहिल्याच जोरदार पावसात राखेबरोबर मातीही वाहून जाईल, याची मोठी काळजी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने संरक्षण व पुनरुज्जीवनाचा अधिकार दिलेला असल्याने हे काम ग्रामसभेनेच हाती घेतले आहे. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील सांता क्लारा प्वेब्लो या आदिवासी समाजाने २०११ च्या वणव्यानंतर आपले खोरे सावरण्याचे काम स्वतः पुढे होऊन केले, हे वाचून बळ आले.

साग आणि पळसाच्या जळक्या बुंध्यांना तळाशी कोंब फुटले आहेत. म्हणून नवी रोपे लावण्यापेक्षा चराईबंदी पाळणे मला अधिक योग्य वाटते. जाणती माणसे जळक्या फांद्या उताराला आडव्या टाकायला सांगतात, तेही सुरू आहे. परंतु जिथे उतार इतका तीव्र आहे की समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीतले चर) खोदल्यास मातीच सुटेल, तिथे कोणते स्थानिक गवत पेरावे आणि त्याचे बी नंदुरबार-धुळे भागात कोठे मिळेल? चराईबंदीच्या काळात गुरांच्या चाऱ्याची सोय इतर ग्रामसभांनी कशी केली, हेही कृपया कळवावे.