इझीकिएल एलियट वयाने संपला की वापराने?

उत्तर टेक्सास (धागाकर्ता):

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅक, म्हणजे चेंडू छातीशी घट्ट धरून समोरच्या गर्दीत घुसणारा खेळाडू, तिशी गाठण्याआधीच म्हातारा होतो, हे आता सगळ्यांनीच गृहीत धरलेले आहे. डॅलस काउबॉइजच्या इझीकिएल एलियटचा विषय निघाला की हेच वाक्य तोंडावर फेकले जाते आणि पुढची चर्चा खुंटते. मला ते मान्य नाही. मार्च २०२३ मध्ये संघाने त्याला मोकळे केले तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. त्याच्या उताराचे कारण जन्मतारखेत नसून त्याच्या पहिल्या चार हंगामांच्या कामाच्या हिशेबात आहे.

२०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या फेऱ्यांत, चौथ्या क्रमांकावर घेतलेल्या या मुलाच्या हाती पहिल्याच वर्षी ३२२ वेळा चेंडू देण्यात आला आणि १६३१ यार्ड धावून तो लीगमध्ये पहिला आला. २०१७ मध्ये सहा सामन्यांची बंदी भोगावी लागली म्हणून आकडा २४२ वर थांबला. ती बंदी त्याच्या गुडघ्यांवर उपकारच ठरली असावी. २०१८ मध्ये ३०४ कॅरी, म्हणजे चेंडू घेऊन केलेल्या धावा, आणि वर ७७ झेल, म्हणजे एका हंगामात ३८१ वेळा हा माणूस चेंडू घेऊन कोणाच्या तरी अंगावर गेला किंवा कोणीतरी त्याच्या अंगावर आले. २०१९ मध्ये पुन्हा ३०१. त्यानंतरचा उतार सरळ दिसतो: दर कॅरीमागे २०१६ मध्ये ५.१ यार्ड, २०१८ मध्ये ४.७, २०२० मध्ये ४.० आणि २०२२ मध्ये ३.८.

संघाने सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच्याशी सहा वर्षांचा, ९ कोटी डॉलरचा वाढीव करार केला आणि त्यातल्या सुमारे ५ कोटींची हमी दिली. जे विकत घेतले ते आपणच आधी वापरून झिजवलेले आहे, हे डॅलसच्या कार्यालयात कोणालाच दिसले नसेल, असे मला वाटत नाही.

त्याची काउबॉइजकडून झालेली त्या पर्वातली शेवटची चाल अनेकांनी हसण्यावारी नेली. जानेवारी २०२३, सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्धचा प्लेऑफ सामना, १९–१२ अशी पिछाडी, काही सेकंद शिल्लक. ऑफेन्सिव्ह लाइनचे, म्हणजे पुढे उभे राहून वाट मोकळी करणाऱ्या ओळीचे खेळाडू दोन्ही बाजूंना दूर पांगवले होते आणि मध्यभागी, चेंडू मागे देणाऱ्या सेंटरच्या जागी, एकटा एलियट वाकून उभा होता. त्याने चेंडू मागे दिला आणि पुढच्याच क्षणी समोरच्या लाइनबॅकरने, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूने, त्याला उताणा पाडले. एकेकाळी लीगमध्ये पहिला आलेला धावपटू त्या क्षणी निव्वळ अडसर म्हणून वापरला गेला, यावरून काय ते समजावे.

मधली फळी:

आकडे बरोबर, निष्कर्ष चुकीचा. रनिंग बॅकचे यार्ड त्याच्या पायांइतकेच त्याच्यापुढच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधल्या पाच जणांच्या खांद्यांतून येतात. २०२० मध्ये काय झाले ते पाहा. सेंटर ट्रॅव्हिस फ्रेडरिक मार्चमध्येच निवृत्त झाला होता, त्याच ओळीतला टायरन स्मिथ त्या हंगामात फक्त दोन सामने खेळला, लाएल कॉलिन्स एकही खेळला नाही आणि ऑक्टोबरमध्ये पास टाकणारा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याचा घोटा मोडला. पास टाकणारा धोकादायक नसला की बचावाचे आठ खेळाडू पुढे सरकून उभे राहतात आणि मग तिथून कोणीही धावू शकत नाही.

याच संघाचे जुने उदाहरण आहे. २०१४ मध्ये डिमार्को मरेने या ओळीच्या मागून १८४५ यार्ड काढले आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाला जाऊन त्याला ७०२ वर समाधान मानावे लागले. डॅलसमध्ये मात्र त्याच २०१५ साली डॅरन मॅकफॅडनने, ज्याला सगळ्यांनी संपलेला ठरवले होते, १०८९ यार्ड काढले. एलियट चढला तोही ओळीमुळे आणि उतरला तोही ओळीमुळे.

हिशेबनीस:

मग २०२२ चे काय करायचे? ओळ तीच, क्वार्टरबॅक तोच, प्रतिस्पर्धी तेच. डॅलसचाच दुसरा रनिंग बॅक टोनी पोलार्ड याने १९३ कॅरीत १००७ यार्ड काढले, म्हणजे सरासरी ५.२, आणि एलियटने २३१ कॅरीत ८७६. ओळ जर दोघांसाठी एकच वाट उघडत असेल, तर त्या वाटेतून एक जण निसटून पुढे जातो आणि दुसरा तिथेच धरला जातो, याचा अर्थ दुसऱ्याच्या पायांत तो पहिला झटका उरलेला नाही. हे मैदानावर उघड्या डोळ्यांनी दिसत होते. पोलार्ड चौथ्या फेरीतला, स्वस्तातला खेळाडू होता, ही गोष्ट तर ९ कोटींच्या शेजारी ठेवून वाचावी.

मूळ चूक २०१६ चीच होती, असे माझे मत आहे. एलियटच्या पाठोपाठ पाचव्या क्रमांकावर जॅक्सनव्हिलने जेलन रॅम्झी या कॉर्नरबॅकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे पास अडवणाऱ्या बचावपटूला, घेतले. कॉर्नरबॅकचे आयुष्य मोठे असते, रनिंग बॅकचे नसते, हे तेव्हाही सर्वांना माहीत होते.

उत्तर टेक्सास:

पोलार्डचा दाखला पूर्ण द्यावा, अर्धा नको. एलियट गेल्यावर २०२३ मध्ये पोलार्डला २५२ कॅरी मिळाल्या आणि त्याने १००५ यार्ड काढले, सरासरी ५.२ वरून थेट ४.० वर आली. त्याचा पाय त्याच सॅन फ्रान्सिस्कोच्या सामन्यात मोडला होता हे खरे, पण सगळा दोष त्या पायावर टाकता येत नाही. २०२२ मध्ये एलियट होता म्हणून पोलार्डला निवडक, मोकळ्या जागेच्या चाली मिळत होत्या. एक-दोन यार्डांसाठी ढिगात डोके घालायचे काम एलियटचे होते, आणि त्या वर्षीचे त्याचे १२ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणे) त्यातलेच बरेचसे आहेत. शिवाय ब्लिट्झ, म्हणजे क्वार्टरबॅकवर जादा बचावपटूंची धाड, आली की क्वार्टरबॅकसमोर उभे राहून धावत येणाऱ्या लाइनबॅकरला अंगावर घेणे, हे काम तो लीगमधल्या मोजक्या लोकांइतके चोख करत होता. त्याचे यार्ड कोणत्याच रकान्यात लिहिले जात नाहीत.

पाहुणा प्रेक्षक:

मला या माणसाबद्दल सहानुभूती वाटत नाही. जुन्या कराराची दोन वर्षे शिल्लक असताना तो २०१९ च्या सराव शिबिराला पाठ फिरवून मेक्सिकोत काबोला जाऊन बसला, हवे तेवढे पैसे पदरात पाडून घेतले आणि मग उतरला. झिजवले कोणी, हा प्रश्न त्याला पडला होता असे दिसत नाही.

जुना निष्ठावंत:

पाहुण्यांनी लीगचे नियम जरा समजून घ्यावेत, अशी नम्र विनंती. ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतला असेल तर संघ पाचवे वर्षही स्वतःच्या मर्जीने जोडू शकतो. आणि त्यानंतरही फ्रँचायझी टॅग लावून त्याला आणखी एक वर्ष अडकवून ठेवता येते. क्वार्टरबॅकला याने फारसे बिघडत नाही, कारण त्याची उत्तम वर्षे पुढे असतात. रनिंग बॅकची उत्तम वर्षे मात्र नेमकी याच स्वस्त कराराच्या आत खर्च होतात आणि मोकळा होईपर्यंत त्याला विकत घ्यायला कोणी उभे राहत नाही. लॉस एंजेलिस रॅम्सच्या टॉड गर्लीने २०१८ मध्ये पावणेसहा कोटी डॉलरचा करार केला, मार्च २०२० मध्ये संघाने त्याला काढून टाकले आणि गुडघ्याच्या दुखण्यापायी २०२० च्या हंगामानंतर तो पुन्हा खेळलाच नाही. एलियटने हे सारे डोळ्यांसमोर घडताना पाहिले असेल, तर काबोला जाऊन बसणे हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत शहाणा निर्णय होता. मालक जेरी जोन्स यांनी त्या ऑगस्टमध्ये ‘झीक कोण?’ (झीक म्हणजे एलियटच) असा विनोदही केला होता. महिना उलटायच्या आत सही त्यांनीच केली.

बाकी निष्ठेचे म्हणाल, तर २०२१ मध्ये गुडघ्यातला लिगामेंट अर्धवट फाटलेला असताना हा माणूस हंगामाचे सर्व १७ सामने खेळला आणि १००२ यार्ड धावला. दुखापत किती होती, हे हंगाम संपल्यावर बाहेर आले.

हिशेबनीस:

त्यालाच मी गैरव्यवस्थापन म्हणतो. पोलार्ड बाकावर ताजातवाना बसलेला असताना फाटलेल्या गुडघ्याच्या माणसाला केवळ त्याचा पगार मोठा आहे म्हणून पुढे ढकलायचे, हा शौर्याचा नव्हे तर वसुलीचा प्रकार झाला. आणि २०२४ मध्ये त्याला परत आणले तेव्हा तर शंकेला जागाच उरली नाही: ७४ कॅरी, २२६ यार्ड, सरासरी ३.१, त्याच ओळीमागून रिको डाउडलने ४.६ च्या सरासरीने १०७९ यार्ड काढले.

मधली फळी:

२०२४ चा विषय काढलाच आहे तर रनिंग बॅक डेरिक हेन्रीबद्दलही बोलू. तो त्या वर्षी करारातून मोकळा होता, स्वतः डॅलसमध्ये राहत होता, यायला तयार होता आणि काउबॉइजनी त्याला साधा फोनही केला नाही. तो बाल्टिमोरला गेला आणि तिशीत १९२१ यार्ड धावला. सप्टेंबरमध्ये काउबॉइजच्याच मैदानावर त्याने १५१ यार्ड आणि दोन टचडाउन करून आपल्याला २८–२५ ने हरवले. धागाकर्त्यांचा ‘वापराने संपला’ हा सिद्धान्त इथे कोसळतो, कारण एकट्या २०२० मध्ये हेन्रीने ३७८ कॅरी केल्या होत्या. हेन्री झिजला नाही, कारण त्याच्या शेजारी स्वतःही धावणारा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन उभा होता आणि बचावाला दोघांपैकी एकालाच धरता येत होते. म्हणजे शेवटी भोवतालचा संघच महत्त्वाचा ठरतो.

उत्तर टेक्सास:

हेन्रीची पहिली दोन वर्षे पाहा: २०१६ मध्ये ११० कॅरी, २०१७ मध्ये १७६. टेनेसीत त्याच्यापुढे तेव्हा तुम्ही वर उल्लेखलेला डिमार्को मरेच होता. मोठा भार त्याच्यावर पंचविशीत आला. एलियटने त्या वयापर्यंत तीनदा तीनशेचा आकडा ओलांडला होता. वीस-बाविशीच्या वेगवान गोलंदाजाकडून दिवसभर षटके टाकून घेतल्यावर पुढे त्याच्या पाठीचे काय होते, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको. शिवाय हेन्रीसारखा सहा फूट दोन इंचांचा धिप्पाड देह अपवाद आहे, त्यावरून नियम काढता येत नाही.

जुना निष्ठावंत:

ठीक आहे, पण मग २०१८ मध्ये काय करायला हवे होते? संघ आठ सामन्यांनंतर ३–५ (तीन विजय, पाच पराभव) असा रडत होता आणि शेवटी १०–६ झाला. सिएटलविरुद्धचा प्लेऑफ सामना आपण २४–२२ ने जिंकलो, त्यात एलियटचे १३७ यार्ड होते. त्या दिवशी त्याला जपून वापरा असे म्हणणारा एकही चाहता मला भेटला नव्हता. आज हिशेब मांडणाऱ्यांनी त्या रात्रीचा आनंद परत करावा, मग बोलू.

हिशेबनीस:

आनंद परत करत नाही, पण त्याच्या पुढचाच सामना आठवून देतो. १२ जानेवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिसमध्ये रॅम्सनी आपल्याला ३०–२२ ने घरी पाठवले. एलियटने वीस कॅरीत ४७ यार्ड काढले. समोरून गर्लीने ११५ काढले आणि सी. जे. अँडरसनने १२३ यार्डांसह दोन टचडाउन केले. हा अँडरसन रॅम्सनी गर्लीच्या दुखण्यामुळे डिसेंबरमध्ये, म्हणजे जेमतेम महिनाभर आधी, कोणत्याही संघात नसताना उचलून आणला होता. ते सारे स्वतः डोळ्यांनी पाहिलेल्या मालकांनी आठच महिन्यांनी ९ कोटींच्या करारावर सही केली.