२४० युनिटच्या घराला किती किलोवॅटचे सोलर? (सूर्यघर अनुदान, नेट मीटर, इंडक्शन)

गच्ची_नाशिक
नाशिकमध्ये रो-हाउस आहे, गच्ची मोकळी, फक्त पूर्वेला जिन्याची खोली आणि टाकी. महावितरणची सिंगल फेज जोडणी, मंजूर भार २ किलोवॅट. बारा बिलांची सरासरी २४० युनिट. डिसेंबरात १७०, मे महिन्यात ३४०. वेंडर म्हणतो, ३ किलोवॅट घ्या, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान पूर्ण ७८ हजार मिळेल. गॅस कमी करून इंडक्शन घ्यायचा विचार आहे, अजून पक्का नाही. २ घ्यावे की ३? कोटेशनमध्ये काय बघायचे? वीजबिल वडिलांच्या नावावर आहे.

युनिट_हिशेब
अनुदानावरून क्षमता ठरवू नका, वर्षाच्या युनिटांवरून ठरवा. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये मिळतात, तिसऱ्याला १८,०००, त्यापुढे काहीच नाही. म्हणजे २ ला ६०,००० आणि ३ ला ७८,०००. तिसऱ्या किलोवॅटला खिशातून जास्त जातात, तेव्हा त्याची वीज खरोखर वापरली जाणार असेल तरच तो घ्या.

आपल्याकडे १ किलोवॅट महिन्याला सरासरी १०० ते १२० युनिट देतो. जुलै-ऑगस्टात बरेच कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. तुमचा वापर वर्षाला २,८८०. दोन किलोवॅट २,४०० ते २,८८० देतील. जे थोडे युनिट कमी पडतील ते १०० पर्यंतच्या स्वस्त टप्प्यातच बसतील. खरी बचत १०१ ते ३०० चा महाग टप्पा टळण्यात आहे, आणि तो २ किलोवॅटमध्येच जवळजवळ टळतो.

तीन घेतले तर ३,६०० च्या वर वीज तयार होईल. नेट मीटर लाइनमधून घेतलेली आणि लाइनला दिलेली वीज दोन्ही मोजतो, बिल फरकाचे येते. जास्तीचे युनिट महिन्यामागून महिना पुढे जमा होतात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद होतो. त्या दिवशी शिल्लक राहिलेले युनिट वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेतले जातात, आणि तो दर १०१ च्या पुढच्या टप्प्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. हिवाळ्यात तुमचा वापर १७० वर येतो, आकाश स्वच्छ असते, शिल्लक वाढते. आणि पंखे-कूलर सुरू व्हायच्या तोंडावर ती निघून जाते. आर्थिक वर्षाऐवजी सप्टेंबरअखेर हिशेब केला, तर उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याच शिल्लकीवर निघतील. घरगुती ग्राहकांसाठी हा बदल व्हायलाच हवा.

आणि बिल शून्य होणार नाही. वापर शून्य दाखवला तरी स्थिर आकार राहतो.

चूल_ते_इंडक्शन
वरचा हिशेब इंडक्शन घेतले की बदलतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांइतकी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर तिच्यातली ६५ टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, इंडक्शनवर ८५ टक्के. म्हणजे एका सिलिंडरच्या बदल्यात १३० ते १४० युनिट. वर्षाला आठ सिलिंडर लागत असतील तर जवळपास १,१०० युनिट वाढतील, एकूण ४,००० च्या घरात. मग ३ किलोवॅट बरोबर बसतात.

सोलरशिवाय मात्र हे गणित उलटे आहे. १०१ च्या पुढे वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा आकार) धरून युनिट दहा रुपयांच्या वर जातो, म्हणजे सिलिंडरइतक्या स्वयंपाकाला १,३०० रुपयांहून जास्त. दरांचे टप्पे असे असताना लोकांनी गॅस सोडावा, ही अपेक्षा फोल आहे. स्वयंपाकाच्या विजेला वेगळा टप्पा हवा.

तयारी: १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर, वेगळा एमसीबी. ॲल्युमिनियमची कढई आणि तांब्या-पितळेची भांडी साध्या इंडक्शनवर चालत नाहीत. बुडाला चुंबक चिकटला पाहिजे. फुलके-भाकरी ज्वाळेवर शेकता, तर एक सिलिंडर राहू द्या.

साइट_वायरमन
कोटेशनचे बघू.

सगळ्यात आधी नाव. अनुदान अर्जदाराच्या बँक खात्यात येते आणि बिलावरचे नाव तेच लागते. एक तर वडिलांच्या नावाने अर्ज करा, नाहीतर आधी बिलावरचे नाव बदला. अर्धवट भरलेला अर्ज इथेच अडकतो. मंजूर भाराची चिंता नको: २०२४ च्या नियमबदलानंतर १० किलोवॅटपर्यंत व्यवहार्यता तपासणी लागत नाही आणि भार लागेल तेवढा वाढवून मिळतो.

पॅनेल डीसीआर, म्हणजे सेल आणि मॉड्यूल दोन्ही भारतात बनलेले, असे कोटेशनमध्ये लिहून घ्या. नाहीतर अनुदान नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारे यंत्र) यांत ज्याची क्षमता कमी, तीच अनुदानाला धरतात. ५५० वॅटचे सहा पॅनेल म्हणजे ३.३ किलोवॅट, त्याला ३ चा इन्व्हर्टर चालतो, २.५ चा जोडला तर अनुदान घटते.

अनुदान मीटर लागून यंत्रणा सुरू झाल्यावर येते, तोवर पूर्ण रक्कम तुम्हीच उभी करायची. शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत रोखून धरा.

गच्चीवर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, कल १५ ते २० अंश. तुमची जिन्याची खोली पूर्वेला आहे, म्हणजे सकाळची सावली बघावीच लागेल. एका स्ट्रिंगमधल्या, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनेलांतल्या, एकाच पॅनेलवर सावली पडली तरी उत्पादन खाली येते. डिसेंबरात सूर्य खाली असतो, सावल्या सर्वांत लांब पडतात. त्या हिशेबाने जागा आखा. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्डच (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) घ्या. नुसता रंग दिलेले लोखंड पावसात गंजते. अर्थिंग तीन वेगळ्या: डीसी, एसी आणि तडितरोधकाची (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या सळईची). दोनच खड्डे करून तिसरी वायर त्यातच गुंडाळणारे पुष्कळ आहेत.

दुपारी इन्व्हर्टर वारंवार बंद पडत असेल तर लाइनचा दाब (व्होल्टेज) तपासा. इन्व्हर्टर ते मीटर केबल बारीक किंवा लांब असली की वीज बाहेर जाताना इन्व्हर्टरपाशी दाब चढतो आणि तो ट्रिप होतो. केबल जाड केली की बहुतेक वेळा भागते. मीटरपाशीच दाब जास्त असेल तर ट्रान्स्फॉर्मरचा टॅप (दाब कमी-जास्त करायची जोडणी) बदलायला महावितरणकडे लेखी तक्रार द्या.

लहान_बिल
आमचा वापर महिन्याला ७०-८० युनिट. आम्हाला यात काही आहे का?

युनिट_हिशेब
आहे. राज्याची स्मार्ट योजना १०० युनिटांच्या आतल्यांसाठीच आहे, १ किलोवॅटची. खर्च ५०,००० धरला आहे, त्यात केंद्राचे ३०,०००. दारिद्र्यरेषेखालील ग्राहकाला राज्य १७,५०० देते, त्याचे २,५०० जातात. अनुसूचित जाती-जमातींना १५,०००, स्वतःचे ५,०००. बाकीच्यांना १०,०००, स्वतःचे १०,०००. लाभार्थी पाच लाखांपर्यंतच आणि आधी येणाऱ्याला आधी, त्यामुळे अर्ज लवकर करा.

गच्ची_नाशिक
बरेच स्पष्ट झाले. वीज गेल्यावर दिवसा पंखे तरी चालतील का?

साइट_वायरमन
नाही. लाइन गेली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टरही बंद होतो. तसे नसते तर खांबावर काम करणाऱ्या लाइनमनच्या तारेत वीज उलटी गेली असती. पंखे-दिव्यांसाठी घरातला बॅटरीवाला इन्व्हर्टर आहे तसाच ठेवा, किंवा सुरुवातीलाच हायब्रिड (सोलरसोबत बॅटरीवरही चालणारा) इन्व्हर्टर सांगा. नंतर बदलायचा म्हटले तर पूर्ण इन्व्हर्टरचा खर्च पुन्हा पडतो.