मदत हवी आहे: काट्यावरच्या कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडतंय

मंडळी, रावेरजवळ आमचा वजनकाटा आहे, मुख्यतः केळीच्या गाड्या. पावती लिनक्सवरून निघते, नेट नाही. घड्याळ महिन्याला चार-पाच मिनिटं मागे पडतं. हार्डवेअर घड्याळाचा (कॉम्प्युटर बंद असतानाही आत चालतं ते) सेल नवा टाकला (सगळे आधी तेच सांगतात!). पत्र्याच्या केबिनमध्ये मे महिन्यात त्या घड्याळाला ठोका देणारा 32,768 हर्ट्झचा क्रिस्टल चुकणारच, ते कळतं. म्हणून एचडब्ल्यूक्लॉकला (हार्डवेअर घड्याळ वाचायची-लावायची लिनक्सची कमांड) चूक मोजायला लावली. पण कधीमधी मोबाइलचं नेट जोडलं की एनटीपी (नेटवरून वेळ जुळवायची पद्धत) जुळतं, कर्नल (लिनक्सचा गाभा) दर 11 मिनिटांनी हार्डवेअर घड्याळात वेळ लिहितो आणि तो सगळा हिशोब बिघडतो. मग क्रोनीमधलं (वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) आरटीसीसिंक, म्हणजे कर्नलला तसं लिहू देणारी सेटिंग, काढून आरटीसीफाइल, म्हणजे क्रोनीनेच हार्डवेअर घड्याळाची चूक मोजून फाइलमध्ये ठेवायची सेटिंग, टाकू का? दोन्ही एकत्र चालत नाहीत म्हणे. कोणी केलंय का असं? इकडे गाडीवाले ‘माझा नंबर आधी’ म्हणत पावतीवरची वेळ दाखवून रोज हुज्जत घालतात.